झडतीचं उत्तर

श्रावण उतरणीला लागला की नागपुरात आमच्या मनीषनगरच्या चौकात लाकडी बैल येतात. रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून ओळीनं मांडलेले, चाकांवर उभे. काही रंगवलेले, काही अजून कोरे. परवा सकाळी मी कंपनीच्या बसची वाट पाहत उभी होते, तर शेजारी एक बाई मांडी घालून बैलाच्या पाठीवर झुलीचे बारीक खिळे ठोकत होती. टक-टक, टका-टक. टक-टक, टका-टक. बसच्या दिशेनं पाहायचं सोडून मी तिच्या हातोडीकडेच पाहत राहिले. ओठ आपोआप हलायला लागले. बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न मारला आणि खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, बैलावर बसून येता का आज हिंगण्याले?" सगळे हसले. मीही हसत चढले. पण तो ठेका माझ्याबरोबर बसमध्ये चढला, तो कंपनीच्या गेटपर्यंत उतरला नाही.

पोळा म्हणजे पुरणपोळी आणि सुट्टी एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आमच्याकडचा पोळा सांगायला हवा. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत दोन बल्ल्या रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याच्यामागे गावचे बैल सजून उभे राहतात. शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळावर बाशिंग. आणि मग तोरण तुटायच्या आधी सुरू होतात झडत्या. झडती म्हणजे दोन ओळींची जुळणी. जागेवर रचायची, छाती काढून म्हणायची. तिच्यात सरपंचाला टोमणा असतो, पावसाला शिवी असते, देवाला नमस्कार असतो, कधी तिन्ही एकदम. शेवटी म्हणणारा ओरडतो "हर बोला" आणि सगळा जमाव उत्तर देतो "हर हर महादेव". बैल कान टवकारतात. छापील कवितेला कधी एवढी दाद मिळालेली मी पाहिली नाही.

आमच्या गावी, खाप्याला, एक जास्तीची रीत होती. एकानं दुसऱ्यावर झडती टाकली, तर दुसऱ्यानं झडतीनंच उत्तर द्यायचं. लगेच. जमलं नाही तर आपली जोडी एक पाऊल मागे घ्यायची. त्या पावलाची भरपाई पुढच्या पोळ्याला उत्तर देऊन करता येते, पण तोवर पाऊल मागेच. एवढ्याशा पावलासाठी माणसं वर्षभर झोप घालवायची. मोठ्या घरचे, वीस-वीस एकरवाले लोक मी त्या एका पावलापायी चेहरा पाडून घरी जाताना पाहिलेत.

आणि त्या सगळ्यांच्या पुढे, तोरणाच्या अगदी खाली, माझे बाबा उभे राहायचे. आमच्याकडे बैल नव्हते. आमच्याकडे कधीच बैल नव्हते. बाबा माग चालवायचे. पण ज्याच्या दावणीला खुंटासुद्धा नाही असा माणूस पोळ्यात सगळ्यात पुढे उभा राहतो आणि अख्खं गाव त्याच्या तोंडाकडे पाहत राहतं, हे दृश्य पाहतच मी मोठी झाले. त्यामुळे माझी मान पहिल्यापासून थोडी ताठ आहे. लोक म्हणतात गर्विष्ठ आहे. असू द्या.

बाबांची रचायची पद्धत निराळी होती. ते शब्दांपासून सुरुवात करायचेच नाहीत. मागावर बसले की धोटा इकडून तिकडे जायचा, पायाखालची पट्टी दाबली जायची, खटक-खट, खटा-खट, आणि त्या खटखटीवर ते नुसतंच मान डोलवत बसायचे. "आदी ठेका," ते मला सांगायचे, "शबद मंग येतात. पाहुन्यासारखे. जागा झाडून ठेवली तं येतात." एखादा दिवस असाच जायचा आणि संध्याकाळी हात धुताना अचानक दोन ओळी पडायच्या. माग बंद पडले त्या वर्षीच्या पोळ्याला त्यांनी म्हटलेली झडती मला अजून पाठ आहे:

माग गेला, धोटा गेला, गेली खटखट सारी,
पोट तेवढं जाईना गा, बसलं येऊन दारी!

लोक आधी हसले. मग हसता हसता गप्प झाले, कारण निम्म्यांच्या घरातले माग त्याच वर्षी निघाले होते. आणि मग जो "हर हर महादेव" उठला, तो कन्हान नदीच्या पलीकडे ऐकू गेला असेल. त्या दिवशी कोणाचा प्रश्न सुटला नाही. पण परतताना माणसांची चाल बदलली होती. लहान होते तरी ते मला दिसलं होतं.

त्यानंतर आम्ही हिंगण्याला आलो. भाड्याची एक खोली, बाबांना एका कारखान्यात पॅकिंगचं काम, आई चार घरचे कपडे शिवायची. कारखान्यात मशीन होत्या, पण त्यांचा आवाज सलग. त्यात ठेका नव्हता. बाबा म्हणायचे, "हे मशीन बोलत नाई वं, नुसतं भनभनते." रिकाम्या तोंडाला काहीतरी हवं म्हणून त्यांनी खर्रा धरला. आमच्या नागपुरात पानठेल्यावर सुपारी, चुना, तंबाखू प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घासतात. त्या घासण्यालासुद्धा एक लय असते. कदाचित त्याच लयीनं त्यांना ओढलं असेल. आई बोलायची, मी भांडायची. ते पुडी खिशात सरकवून हसायचे.

मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या दोन्हीकडच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी बाबा पहिल्या पाळीला होते. मी फोन केला. ते नुसतं "बरं" म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या बसमधले लोक मला घरी येऊन सांगत होते, की बाबा चालत्या बसमध्ये उभे राहिले, वरची दांडी वाजवून ठेका धरला आणि म्हणाले:

बाप शिकला मागापाशी, माय शिकली चुलीपाशी,
लेक माही कालेजाची, बोट लावते आकाशी!

आणि अख्ख्या बसनं, ड्रायव्हरसकट, महादेवाचा गजर केला. पोळा नव्हता, बैल नव्हते, एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्राफिक होतं. माझ्या पदवीचा कागद कपाटात आहे. पण मला माझा पदवीदान समारंभ कोणी विचारला तर मी ती बस सांगते.

आता तो श्रावण.

बाबांचं तोंड उघडेनासं झालं होतं. आधी तीन बोटं जायची, मग दोन. पोळी बारीक करून वरणात बुडवून खायचे. जिभेच्या कडेला एक जखम होती, ती बरी व्हायचं नाव घेत नव्हती. दवाखान्यात नेलं, तुकडा तपासला. रिपोर्ट इंग्रजीत होता. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी तो वाचला, दोनदा वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. शिक्षणाचा मला एरवी अभिमान आहे, पण त्या दुपारी वाटलं, वाचता आलं नसतं तर निदान बस घरी पोचेपर्यंत वेळ मिळाला असता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. मला सरळ बोलणारी माणसं आवडतात. त्या म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. जिभेचा एक भाग आणि खालच्या जबड्याचं एका बाजूचं हाड काढावं लागेल. तुम्ही वाचाल असं मला वाटतं. बोलालही. पण आधीसारखं स्पष्ट नाही."

बाबांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"पोळा झाल्यावर पाहू," ते म्हणाले.

"काका, आजार पोळ्यासाठी थांबत नाही."

"मंग नाई करत." आणि उठून चालायला लागले.

दवाखान्याच्या आवारात एक मोठं कडुनिंब आहे, त्याच्याभोवती सिमेंटचा ओटा. तिथं ते जाऊन बसले. आम्ही दोघी मागून. रिमझिम पाऊस, झाडाखाली बऱ्यापैकी कोरडं. आई एका बाजूला बसली, मी समोर उभी. आई म्हणाली, "अजी, आयका ना. जीव राहिला तं सारं राहिलं."

"जीभ कापून जीव ठेवू? मुका बैल ठेवते का कोनी दावनीले?"

आई पदरानं डोळे पुसता पुसता म्हणाली, "सारेच बैल मुके असतात. बोलनारा तं तुमीच एक निगाला."

ओट्यावर बसलेले अनोळखी लोकही हसले. बाबांच्या ओठाचा कोपरा हलला, पण मान नकारातच. त्यांची बोटं मात्र आईच्या मांडीवरच्या जेवणाच्या डब्यावर वाजायला लागली. टक-टक, टका-टक. नेहमीची सवय. आणि त्या आवाजानं माझ्या आत काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी रडायला आले होते, विनवायला आले होते. पायासुद्धा पडले असते. पण ठेका कानावर पडला आणि माझी पाठ सरळ झाली. मी आयुष्यात कधी झडती म्हटली नव्हती. आमच्याकडे बायका म्हणत नाहीत. त्या बाजूला आरतीचं ताट घेऊन उभ्या असतात. तरी मी त्यांच्या ठेक्यावर, त्यांच्या डोळ्यांत पाहून, भर आवारात म्हटलं:

शिंगं रंगली, झूल चढली, बैल झाला राजा,
तोरण पाहून पळत सुटला, म्हणे पोळा माझा!

डब्यावरची बोटं थांबली. आईनं तोंडावर हात नेला. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. राग नव्हता. त्यांचे डोळे चमकले, जसे तोरणाखाली चमकायचे, आणि मला कळलं, उत्तर त्यांना सुचलं आहे. पूर्ण सुचलं आहे. त्यांनी छाती काढून तोंड उघडलं. दोनच बोटं उघडलं. पहिला शब्द जिभेच्या जखमेवर अडला, दुसरा तर बाहेरच आला नाही, कळ थेट कानापर्यंत गेली असणार, कारण त्यांनी गच्च डोळे मिटले. परत प्रयत्न केला. परत तेच.

मग ते उठले. त्या ओल्या फरशीवर चपला नीट जुळवून उभे राहिले आणि एक पाऊल मागे सरकले.

रीत म्हणजे रीत. इतकी वर्षं त्यांनी स्वतःच मोठमोठ्या लोकांना ती पाळायला लावली होती.

"हारलो वं पोरी," ते ओठातल्या ओठात म्हणाले. मग म्हणाले, "डाक्टरच्या आदीच नेली या दुखन्यानं. जीभ. मले वाटे अजून माह्यापाशीच हाय." आणि दवाखान्याच्या दाराकडे चालायला लागले. सही करताना मला म्हणाले, "उत्तर बाकी हाय, ध्यानात ठेव. पाऊल फेडल्याशिवाय मरत नसतो मी."

लोक मला विचारतात, संकटात कविता काय कामाची? विचारणारे बहुतेक शिकलेले असतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही जवळजवळ अख्खा दिवस बसलो होतो. आजूबाजूला जो तो आपापला आधार घेऊन होता. एक आजोबा जपमाळ ओढत होते. एक ताई डोळे मिटून हळू आवाजात त्रिशरण म्हणत होती. मला देवाजवळ नीट मागता येत नाही. मागायला बसले की मनात सौदा सुरू होतो, हे दे, मी ते करीन; आणि मग मलाच माझी लाज वाटते. पण ओळ काही मागत नाही. ती आपल्या पायावर उभी असते, आणि तिला म्हणायचं तर आपल्यालाही उभं राहावं लागतं, श्वास पुरवून ठेवावा लागतो. त्या दिवशी मी बाबांच्या आठवतील तेवढ्या झडत्या मनातल्या मनात म्हणून काढल्या. पावसावरची, रेशनच्या दुकानावरची, मागाची, माझ्या बी.कॉम.ची. प्रत्येकीच्या शेवटी मनात गजर. याला प्रार्थना म्हणत असतील तर मी प्रार्थना केली. त्या ताईनं मध्येच डोळे उघडून मला विचारलं, "तुम्ही काय म्हणता? बोटं वाजतात तुमची." मी सांगितलं. ती म्हणाली, "चालू ठेवा. मले बी बरं वाटून राहिलं." आणि परत डोळे मिटून आपलं म्हणू लागली.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डात आणलं तेव्हा बाबांना ओळखायला मला एक क्षण लागला. चेहरा सुजलेला, मानेपासून कानापर्यंत टाके, नाकातून नळी. बोलायचं नव्हतंच. सिस्टरनं लिहायला पाटी दिली, ती त्यांनी बाजूला सारली. उशाशी औषधाचा चमचा होता, तो उचलला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवला. टक-टक, टका-टक. आई ओक्साबोक्शी रडली ती तेव्हा. त्याआधी एकदाही नाही.

मग तेच आमचं बोलणं झालं. ते ठेका द्यायचे, मी शब्द भरायची. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की ठेका. मी भरायची, "आली बया सुई घेऊन." ते मान हलवायचे, नाही. "आली परी सुई घेऊन." नाही. "आली मारबत सुई घेऊन." मग चमचा जोरात वाजायचा, म्हणजे मान्य. मारबत म्हणजे आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळतात तो राक्षसिणीचा पुतळा. सिस्टर म्हणायची, "काका, तुमचे टाके ओले आहेत, आणि मला मारबत म्हणता?" शेजारच्या पलंगावरचे लोक आपली मागणी नोंदवायला लागले. एकाला आपल्या जावयावर पाहिजे होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेला तो खांदा, त्याला लोणी-हळद चोळतात आणि बैलाच्या कानाशी जेवणाचं आवतन देतात. त्या संध्याकाळी आई वॉर्डात आली. बाबांचा एका बाजूचा खांदा मानेच्या ऑपरेशनमुळे आखडला होता आणि डॉक्टरांनी हलक्या हातानं चोळायला सांगितलंच होतं. आईनं हाताला थोडं खोबरेल लावलं, टाके टाळून त्यांचा खांदा चोळायला लागली. चोळता चोळता वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या कानात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

नाकात नळी असलेला माणूस. पाण्याचा घोट गिळता येत नव्हता. त्यांचे खांदे हलायला लागले, आम्हाला वाटलं दुखतंय, पण ते हसत होते. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चमचा दांडीवर वाजत होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच खाप्याला गेले. बाबांनीच हातानं खुणा करून मला पिटाळलं. सावनेरच्या पुढे दोन्ही बाजूंनी हिरवं, कन्हान भरून चाललेली, खिडकीतून ओला वास. पोळ्याच्या जागेवर पोचले तर गुलाबकाका माइकवर होते. गुलाबकाका म्हणजे बाबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. किती पावलं त्यांनी मागे घेतली असतील त्यांनाच ठाऊक. मला पाहून माइकमधूनच म्हणाले, "ये वं पोरी! रघू कसा हाय? त्याच्याबिगर पोळा म्हंजे मिठाबिगर भाजी झाली."

मी म्हटलं, "बरे आहेत. पण काका, बाबा झडतीत हरले."

"रघू? कोनाले?"

"मले."

एकच हशा उठला. कोणीतरी मागून ओरडलं, "बायका कवापासून झडती म्हनून रायल्या?"

गुलाबकाका वळले आणि म्हणाले, "ते तिच्या बापाले इचार, हारला ते तो हारला. तू काहून घाबरून रायला?" आणि माइक माझ्या हातात दिला.

मी आईला फोन लावला, बाबांच्या कानाशी धरायला सांगितला आणि म्हटली. तीच. पळत सुटलेल्या बैलाची. आवाज कापला नाही, हे मुद्दाम सांगते. "हर बोला" म्हणाले आणि जमावानं उत्तर दिलं. स्वतःच्या ओळीवर तो गजर अंगावर घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पायाखालची जमीन तुम्हाला उचलून धरते.

गजर विरला आणि हातातल्या फोनमधून बारीक आवाज आला. टक-टक, टका-टक.

गुलाबकाकांनी माझ्या हातून फोन घेतला, माइकसमोर धरला आणि दुसरा हात वर केला. सगळं मैदान गप्प. बल्लीला बांधलेल्या भोंग्यातून नागपूरच्या वॉर्डातल्या एका चमच्याचा आवाज यायला लागला. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. तिसऱ्यानंतर जरा दम घेतला. मग चौथा. पूर्ण दोन ओळी. शब्द एकही नाही. पुढच्या जोडीतल्या बैलानं कान हलवले, त्याच्या गळ्यातली घाटी तेवढी वाजली. आणि चौथा टप्पा जिथं संपला, बरोबर तिथं, कोणी "हर बोला" म्हणायची वाट न पाहता, अख्खा जमाव गरजला.

"ठेका पुरा आला," गुलाबकाकांनी निवाडा दिला. निवाडा तो निवाडा. "शबद बाकी हाय. रघूचं अर्धं पाऊल माफ. अर्धं पुढल्या पोळ्याले!"

परतले ती मारबतीची सकाळ. पिवळी मारबत, काळी मारबत, बडग्यांचे पुतळे, रस्ते माणसांनी फुललेले. बस पुढे जाईना म्हणून उतरून चालायला लागले. ज्याला जे नकोसं झालं असेल ते तो ओरडून मारबतीबरोबर पाठवत होता. महागाई घेऊन जा गे मारबत. डेंगू घेऊन जा गे मारबत. मीही हात वर करून ओरडले, "खर्रा घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूच्या पोरांनी ते उचललं, आणि गंमत अशी की त्यातल्या निम्म्यांच्या गालात तेव्हा खर्राच होता.

वॉर्डात पोचल्या पोचल्या मी बाबांना विचारलं, "शब्द काय होते?" त्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. हातानं लांब, खूप लांब अशी खूण केली. पुढचा पोळा.

आता आई-बाबा माझ्याकडे मनीषनगरला असतात. बाबा मऊ खिचडी खातात, गॅलरीत बसतात, खालून जाणाऱ्या माणसांवर ठेके रचतात आणि संध्याकाळी मी हिंगण्याहून आले की मला शब्द भरायला लावतात. कधीकधी दमलेली असते, म्हणते, "बाबा, आज नाही." मग ते रेलिंग वाजवत राहतात. पाच मिनिटांत मी चहाचा कप घेऊन शेजारी बसलेली असते.

ऑपरेशननंतर वर्षभर ते आरशासमोर बसून बोलायचा सराव करत. प, ब, म लवकर आले. र आणि ल काही केल्या येईनात. आई कपडे शिवता शिवता म्हणायची, "दिवसभर ल-ल-ल करून रायले. एवढं काय अडलं त्या ल-वाचून?" ते आरशाकडे वळायचे. परत ल.

पुढच्या पोळ्याला आम्ही तिघं खाप्याला गेलो. जबडा एका बाजूला बसलेला, गळ्याभोवती मफलर, भर उकाड्यात. लोक भेटायला आले, पाया पडले. बाबा तोरणाखाली गेले नाहीत. अर्धं पाऊल मागे उभे राहिले. गुलाबकाकांनी माइक पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला, आपल्याच छातीवर बोटांनी ठेका धरला आणि बोलले.

कोणाला काही कळलं नाही. खरं तेच लिहिते. घोगरा, ओला, तुटका आवाज, शब्द एकमेकांत मिसळलेले. पण ठेक्यात कणभर फरक नव्हता. आणि जिथं संपलं तिथं, मागच्या वर्षीसारखंच, सगळ्यांनी गजर केला.

गजर ओसरल्यावर गुलाबकाका माझ्या कानाशी आले. "काय म्हनला वं तो?"

मला कळलं होतं. एक वर्ष मी ते तोंड वाचत आले होते. मी माइक घेतला आणि ज्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं त्या सगळ्यांसाठी, बाबांच्या ठेक्यावर म्हटलं:

शिंग गेलं, दात गेले, मोडला दरवाजा,
लेक उभी तोरणाखाली, तोच आवाज माझा!

म्हणता म्हणता मी वर पाहिलं. तोरण माझ्या डोक्यावर होतं.

या खेपेला गजर किती वेळ चालला ते मला सांगता यायचं नाही. बाबांनी चपला जुळवल्या आणि पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं टाकलं. मग तिसरं. आरतीच्या ताटापाशी उभी असलेली आई सगळा पोळा ऐकेल अशा आवाजात ओरडली, "अजी, अर्धंच बाकी होतं!"

ते थांबले नाहीत.